सयाजीच्या लेथवरची किक

पोलादपूर,
२० जानेवारी १९८५

आदरणीय धोंडूदादा यांस,

दत्तारामचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे सगळी बरी आहोत आणि तुम्ही तिकडे माझगावच्या खोलीत बरे असाल, असं धरून चालतो. तुळसावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळवा. (मंजू म्हणते, तेल चोळणं पुरे, वजन उतरवा म्हणावं. मी हे लिहिणार नव्हतो, पण ती समोरच तांदूळ निवडत बसली आहे आणि उलट्या बाजूने वाचते आहे.) माझ्या आईची तब्येत ठणठणीत आहे. दासगावला तुमच्या आईंची, म्हणजे जानकीबाईंची, तब्येतही उत्तम आहे. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, म्हणूनही ती उत्तम असेल. काय सांगितलेलं नाही ते पुढे येतंच आहे.

तुम्ही पाठवलेल्या मोटारसायकलीबद्दल आभाराचं पत्र मला पावसाळ्यातच लिहायचं होतं, पण नेमके कशाचे आभार मानायचे ते तेव्हा ठरत नव्हतं. आता ठरलं आहे. गेल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा मंजूच्या उपकेंद्राखालच्या डोंगरातल्या वाड्या तिच्याबरोबर पायी फिरलात, रात्री पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसलात आणि म्हणालात की माझी बहीण नर्स आहे की हमाल. तेवढं बोलून तुम्ही थांबला नाहीत. गोदीतल्या ओळखी वापरून लष्कराच्या लिलावातली गाडी घेतलीत, गोणपाटात गुंडाळून ट्रकने महाडला धाडलीत आणि हँडलला चिठ्ठी बांधलीत: 'गाडी मास्तरांनी चालवावी, मंजूला मागे बसवून न्यावं. तिच्या हातात देऊ नये. बैलगाडीचं विसरू नये.' (मी विसरलेलो नाही. लग्नाच्या बैठकीतच मला सांगण्यात आलं होतं की मुलीने लहानपणी वडिलांची भाताची गाडी भरल्या पोत्यांसकट सावित्रीत घातली होती, आणि बैल पोहत बाहेर आले होते.)

तर पहिल्याच रविवारी गल्ली जमली. आईने गाडीला हार घातला. मी शाळेत चित्रकला शिकवतो हे खरं, पण त्या दिवशी माझा थाट फौजदाराचा होता. पँट दुमडली, किकवर पाय ठेवला, सगळं वजन टाकलं आणि किक मधोमध तुटून हातभर लांब पडली. गाडी तशीच गप्प. शेजारचे मालोजीतात्या म्हणाले, मास्तर, आता हार काढा. ते मला फार लागलं.

महाडला सगळ्या गॅरेजांतून तो तुकडा नाचवला. गाडीची कंपनी साहेबाच्या देशात केव्हाच बंद पडली आहे, टाकीवरचं नावसुद्धा उडालेलं, पार्ट मिळायचा नाही असं सगळीकडून कळलं. शेवटी एका मिस्त्रीने बोट दाखवलं ते दासगावच्या बाजूच्या एका पत्र्याच्या शेडकडे. तिथे सयाजी नावाचा माणूस लेथ चालवतो. लालबागला गिरणीत टर्नर होता. संप लांबला तसा गावाकडे परत आला, आणि येताना अर्धा संसार विकून ती जुनी लेथ घेऊन आला. भाताच्या गिरण्यांचे बुश, पाण्याच्या पंपाचे शाफ्ट, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची किरकोळ कामं असं करतो. दादा, हा माणूस तुम्ही पाहायला हवा. तंबाखूचा बार भरला की तो लेथच्या आवाजावर आवाज काढून बोलतो आणि लेथ बंद केली तरी आवाज खाली आणायचा विसरतो. मी पार्ट कुठेच मिळत नाही म्हणालो, तर त्याला एवढा आनंद झाला की त्याने मला स्टूल दिलं.

"मिळत नाय म्हणूनच तर आपला धंदा हाय, मास्तर," तो म्हणाला. "गिरनीत विलायती मशीन बंद पडला की साहेब पैले मला बोलवायचा."

त्याने नमुना मागितला. मी अर्धाच तुकडा नेला होता. दुसरा अर्धा घरी आईने सुकट कुटायला घेतला होता आणि तो हाताला इतका बसला होता की परत द्यायला ती तयार नव्हती. म्हणून मी चित्र काढून नेलं होतं. आता चित्र म्हटल्यावर मी ते काढणार कसं? डावीकडून उजेड, उजवीकडे सावली, दांड्यावरची चकाकी खोडरबराने अलगद उचललेली. (मंजू म्हणाली होती, बाजूला फुलदाणीही काढा.) सयाजीने ते हातभर लांब धरून पाहिलं, फोटो झकास आहे म्हणाला, आणि माप विचारलं. माप मी लिहिलं नव्हतं. तरी त्याने काम घेतलं. माप आपण डोळ्याने धरतो असं तो म्हणाला, आणि तिथे त्याची चूक झाली, कारण त्याचा डोळा गिरणीतला. पहिली किक बनली ती पहारीसारखी. ती मी एसटीतून मांडीवर घेऊन आलो तर कंडक्टरने विहिरीचं काम काढलं का विचारलं. बसवली, मारली, आणि दादा, गाडी सुरू झाली. पण एवढं वजन परत वर न्यायची ताकद त्या म्हाताऱ्या स्प्रिंगमध्ये नव्हती. ती अर्ध्यावर घुटमळली आणि मग इंजिनाच्या एका उलट्या झटक्यासरशी माझ्या नडगीवर आली. मंजूने टाके घातले. घरचीच नर्स असल्याचा एक तोटा असा की टाके घालताना ती बोलते.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो. मापं घेतली, आकडे घातले आणि स्वच्छ रेषेत ट्रेसिंग कागदावर आकृती काढून दिली. सयाजीनेही मनावर घेतलं, लोखंड हलकं निवडलं, पॉलिश केलं. पण ट्रेसिंग कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि त्याने तो पालथा ठेवला. किक सुबक झाली, फक्त आरशातली. बाहेर वळायची ती इंजिनाकडे वळली. मी त्याच्यासमोर दोन्ही बाजू धरून दाखवल्या. डोकं खाजवून तो म्हणाला की चूक गाडीचीच आहे, जगातली सगळी माणसं उजव्या हाताची असताना साहेबाने किक अशी का काढली. यावर आमचा वाद झाला. त्यात मी कागद उलटा ठेवल्याचं म्हणालो, त्याने तुम्ही कागदावर 'ही बाजू वर' असं का लिहिलं नाही म्हणून विचारलं, आणि मी किक उचलून घरी आलो. (ती उलटी किक वाया गेली नाही. आमच्या शाळेची घंटा सध्या तिनेच वाजते, आवाज फार गोड येतो.)

या दिवसांत गाडी मी ढकलून सुरू करून शिकत होतो. शिकत होतो याचा अर्थ मालोजीतात्यांच्या शेणखताच्या खड्ड्यात एकदा, शाळेच्या कुंपणात एकदा आणि एका लग्नाच्या मांडवात, सुदैवाने वऱ्हाड यायच्या आधी. मला सरळ जाता येतं, दादा. वळता येत नाही. आणि पोलादपूर तालुक्यात सरळ रस्ता नाही.

मग एका संध्याकाळी शाळेतून घरी येताना मैदानावर गाडीचा आवाज ऐकला. पाहतो तो मंजू. पांढऱ्या साडीचा ओचा खोचलेला, उतारावरून गाडी घरंगळत सोडून गिअर टाकून तिने सुरू केली होती, आणि ती मैदानाला गोल फेऱ्या मारत होती. हळू, नीट, तोंडाने काहीतरी पुटपुटत. (नंतर कळलं की ती पोलिओच्या डोसांची यादी म्हणत होती, त्याने हात थरथरत नाही म्हणे.) मी कुंपणाला धरून उभा राहिलो. खरं सांगतो, आधी राग आला. मग तिने गोलपोस्टच्या खांबाजवळ ते वळण घेतलं, जिथे मी दर वेळी पडलो होतो, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. ती थांबली तेव्हा मी तुमच्या चिठ्ठीची आठवण दिली. ती म्हणाली,

"देऊ नका असं दादाने तुम्हाला सांगितलंय. घेऊ नको असं मला कुठे सांगितलंय?"

यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा. 

दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर सयाजीच्या शेडवर आली. किक तिच्या पायाच्या मापाची हवी, बसायची गादी खाली हवी, चाकात साडी जाऊ नये म्हणून जाळी हवी, असं तिने सांगितलं. सयाजीने लेथ बंद केली. असं काम आपण करत नाही म्हणाला. मास्तरांची गाडी आणि माप बाईचं, उद्या काही झालं तर गाव सयाजीला बोलेल, सयाजीने एक बाई मारली म्हणेल. तो हे रागाने म्हणाला नाही, घाबरून म्हणाला, आणि मी आपला मान हलवत होतो, कारण मलाही तीच भीती होती. मंजू मात्र शांतपणे तिथल्या लोखंडाच्या किसावरून पाय सांभाळत पुढे गेली.

"वाडीत बाई अडली की कुणी मास्तरांना बोलवत नाय, काका," ती म्हणाली. "मला बोलवतात. चालत जाते तोवर कधी उशीर झालेला असतो. माप माझंच घ्या."

सयाजी बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला. मग त्याने कोपऱ्यातली एक वीट आणली, ती तिच्या पायाखाली ठेवली, मग वीट काढून अर्धी आणली, आणि मापाची पट्टी उलगडली.

त्या दिवसापासून तो माणूस बदलला. म्हणजे सुधारला असं नव्हे, उलट आवरेनासा झाला. किक अशी केली की मंजूने टाचेने दाबली तरी इंजिन जागं होतं. गादीचा बैठा सांगाडा केला. साडीची जाळी भाताच्या गिरणीच्या चाळणीतून कापली, त्यामुळे गाडी धुतली की आजही थोडा कोंडा निघतो. लसींचा थर्मास आणि बाळंतपणाची पेटी अडकवायला बाजूला कड्या केल्या. मागे माझ्यासाठी वेगळी बैठक केली, कारण मी मागे बसणार हे आता सगळ्यांनी न विचारता धरलं होतं. आणि प्रत्येक तुकड्यावर ठोक्याने 'सयाजी' असं नाव कोरलं. टाकीवर कंपनीचं नाव नाही, बाकी सगळीकडे याचंच, त्यामुळे इकडे लोक तिला सयाजी गाडीच म्हणतात. परवा महाडच्या पेट्रोलपंपावर एका गृहस्थांनी मला विचारलं की सयाजी कंपनीचं शोरूम मुंबईला कुठे आहे.

साडीचा प्रश्न उरला होता, तो आईने सोडवला. गोल साडीने गाडीवर टांग टाकता येत नाही हे तिने ओट्यावर बसून पाहिलं आणि म्हणाली, "अगो, आम्ही नऊवारीत झाडावर चढायचो, तुझं हे काय?" मग तिने मंजूच्या दोन पांढऱ्या साड्यांना जोड देऊन नऊवारी केली आणि कासोटा घालायला स्वतः शिकवलं. डॉक्टरसाहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी हा युनिफॉर्म कोणत्या जीआरमध्ये बसतो असं विचारलं. मंजूने सांगितलं, सासूच्या.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात एका सकाळी येसाजी धापा टाकत आला. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून जी कच्ची वाट वर फुटते तिच्या टोकाला त्याची वाडी. त्याची बायको अडली होती. त्याची आई बनुबाई, तिला तुम्ही पाहिलं आहे. तुमच्याबरोबरच्या फेरीत तिने मंजूला पाणी दिलं होतं ते गोठ्याच्या कोनाड्यातल्या वेगळ्या भांड्यातून, आणि तुम्ही ते प्यायला नाही म्हणालात. तेच घर. येसाजी आडवाटेने चढून पुढे गेला, आणि सुट्टी असल्यामुळे मी मंजूच्या मागे बसलो. पेटी बाजूच्या कडीला, मी सयाजीच्या बैठकीवर, डोळे मिटलेले. (वळणं मला पाहवत नाहीत.)

डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक होतं. कच्च्या वाटेवर गाडी चढाला लागली, दगडावरून उसळली, आणि माझ्या बैठकीचा बोल्ट निखळला. मला एवढंच कळलं की इंजिनाचा आवाज हळूहळू लांब चालला आहे. डोळे उघडले तर मी रस्त्याच्या मधोमध, बैठकीवर मांडी ठोकून बसलेला, आणि मंजू पुढच्या वळणावर. मी हाका मारल्या. इंजिनापुढे त्या कुठल्या ऐकू जाणार. बैठक तिथे टाकून द्यावी तर सयाजीला काय सांगायचं, म्हणून ती डोक्यावर घेतली आणि चढू लागलो.

मी वाडीत पोचलो तेव्हा अंगणात बायका दाराकडे बघत उभ्या होत्या. आत मंजू होती. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसला होता आणि ते निळं पडलेलं जन्मलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त डोक्यावर मोटारसायकलची गादी घेऊन अंगणात उभा होतो, आणि खाली ठेवायचं सुचत नव्हतं. बराच वेळ काही नाही. मग आतून एक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा बारीक, आणि मग चांगला मोठा. बनुबाई दारात आली, तिथेच खाली बसली, आणि रडताना माझ्याकडे लक्ष गेल्यावर तिने विचारलं, मास्तर, पाट कशाला आणलाव? मग अंगणातल्या सगळ्या बायका हसू लागल्या. मीही.

मुलगी झाली. मंजू बाहेर आली ती पोलिओच्या डोसांची यादी पुटपुटतच. मग बनुबाईने चहा आणला. दादा, तो घरातल्या पेल्यांतून आला, ज्यातून येसाजी आणि त्याची माणसं पीत होती त्यातलेच पेले. तिला त्या धांदलीत भान राहिलं नाही की राहिलं होतं, ते मला सांगता येत नाही. दोन्हींतलं काहीही असो, मंजू चहा प्यायली आणि पेला परत देताना बनुबाईने तो हातातून हातात घेतला. येताना मंजू हे सांगून हसली. मला हसू आलं नाही. ती इंजिन बंद करून गाडी हळू उतरवत होती आणि मी तिच्या मागे चालत होतो. (चालत, कारण बैठक अजून डोक्यावरच होती.)

वाटेत मंजूने हिशेब मांडला की मी गाडीवर असतो तर तो शेवटचा चढ गाडीने घेतलाच नसता, उतरून ढकलण्यात वेळ गेला असता आणि बाळाजवळ तेवढा वेळ नव्हता. म्हणजे मी पडलो हे बरं झालं. हे मी सयाजीला सांगायला गेलो, बैठक दाखवली, निखळलेला बोल्ट दाखवला. त्याने तो बोटांत फिरवला, त्याचा चेहरा पडला, आणि मग बाळाची हकीकत पुरी ऐकल्यावर परत वर आला. लोड जास्त झाला की बैठक सुटलीच पाहिजे, ती आपण तशीच ठेवली होती, गिरणीत याला सेफ्टी म्हणतात, असं त्याने मला सांगितलं. मग लेथकडे वळून बराच वेळ काही नसलेलं काम करत राहिला. डोळ्यांत किस गेला म्हणाला. लेथ बंद होती.

तर दादा, आता आभार कशाचे ते ठरलं. तुम्ही गाडी पाठवलीत, तिची किक पहिल्याच दिवशी तुटली, आईने अर्धा तुकडा दिला नाही, मला वळता आलं नाही आणि तुम्ही चिठ्ठी मला लिहिलीत, तिला नाही. यातलं एकही घडायचं राहून गेलं असतं तर येसाजीच्या अंगणात तो आवाज आला नसता. या सगळ्यासाठी तुमचा मी जन्मभर ऋणी आहे. वहिनींना व मुलांना आमच्या सगळ्यांची आठवण सांगा, आणि तुमच्या हाताला गोदीत दगदग कमी व सुख जास्त मिळो.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. गाडीचं पुस्तक तुमच्या नावावर आहे. ते मंजूच्या नावावर करायचं म्हणतो. तुम्ही चिठ्ठीत जे लिहिलंत ते मला ठाऊक आहे, म्हणूनच एवढं लांब लिहिलं, की वाचताना राग मधे कुठेतरी उतरावा. फॉर्म सोबत जोडला आहे. खुणेच्या जागी सही करून पाठवाल तर उपकार होतील. आणि दासगावला आईंना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही.

ता. ता. क. (हे मंजूने लिहिलं आहे.) दादा, जयभीम. मी आधीच तुला पाठवलेला फॉर्म तुझी सही होऊन मागच्या आठवड्यातच पोचला. यांना सांगितलं नाही, कारण मग यांनी हे पत्र लिहिलंच नसतं आणि सयाजीकाकांचं तुला कधी कळलंच नसतं. यांचा फॉर्म फाडून टाक. आईला मी दिवाळीतच मागे बसवून महाडच्या वीरेश्वराच्या देवळापर्यंत फिरवून आणलं, ती आता दर रविवारी वाट बघते. तिनेच मला ताकीद दिली की जावईबापूंना सांगू नको, त्यांना धीर होणार नाही. एक काम कर. मुंबईत एखादी जुनी सायकल मिळाली तर यांच्यासाठी पाठव. बायकांची असली तरी चालेल. आणि पाठवशील तेव्हा ब्रेक, घंटी, पायडल सगळं तिकडूनच लावून पाठव. काही कमी पडलं तर हे चित्र काढायला बसतील.